बुळकांडीची लस आणि तिची परीक्षा

बुळकांडी हें नांव आज तिशीच्या आंतील शेतकऱ्यानें फार तर वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलें असेल. रोग मात्र त्यानें डोळ्यांनीं पाहिलेला नसणार. भारतांत ह्या रोगाची शेवटची लागण १९९५ सालीं झाली, व २०११ सालीं तो साऱ्या जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. मनुष्यांतील देवीच्या रोगानंतर पृथ्वीच्या पाठीवरून समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग होय.

रोगाचें स्वरूप किती भयंकर होतें हें वृद्ध शेतकऱ्यांस सांगावयास नको. जनावरास प्रथम जोराचा ताप येई, डोळ्यांतून व नाकांतून आधीं पाणी व मागाहून पू वाहूं लागे, हिरड्यांवर व जिभेखालीं कोंड्यासारखे पांढुरके चट्टे पडून त्यांखालील त्वचा सोलून निघे, लाळ गळे, आणि मग दुर्गंधियुक्त ढाळ सुरू होऊन थोड्याच दिवसांत जनावर सुकून प्राण सोडी. १८९६-९७ सालीं दक्षिण आफ्रिकेंत हा रोग शिरला तेव्हां तेथील बहुतेक गुरें मेलीं. आपल्याकडे रोग पूर्वापार घर करून राहिला असल्यामुळें मृत्यूचें प्रमाण त्याहून कमी असे. तरी पेरणीच्या तोंडावर दावणीची बैलजोडी गेली म्हणजे त्या वर्षाची पेर गेली आणि सावकाराचें दार उघडलें, हा हिशेब सर्वांस पाठ होता.

ही पीडा औषधानें गेली नाहीं. ती लशीनें गेली. परंतु लस निघाली आणि रोग गेला असें म्हणणें म्हणजे बीं पेरलें आणि खळें झालें असें म्हणण्यासारखें आहे. मधल्या मशागतीचा काळ शंभर वर्षांहून अधिक आहे. त्यांतील निम्में काम लस तयार करण्याचें होतें, तर निम्में काम ती खरोखर गुणाची आहे कीं नाहीं हें तपासण्याचें होतें. हें दुसरें काम शेतकऱ्यास सहसा कोणी समजावून सांगत नाहीं. त्यामुळें २०२२ सालीं महाराष्ट्रांत लम्पी रोगाचा फैलाव झाला तेव्हां ‘टोचलेलें जनावरही आजारी पडलें, मग लस काय कामाची?’ हा प्रश्न अनेकांच्या मनांत आला. प्रश्न रास्त आहे. पण त्याचें उत्तर एका गोठ्यांत मिळत नाहीं. तें कोठें व कसें मिळतें, हें बुळकांडीच्या उदाहरणावरून दाखवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

रोगाचें बीज

फऱ्या, घटसर्प व काळपुळी हे रोग जंतूंपासून होतात. ते जंतु साध्या सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं दिसतात व मांसरसासारख्या निर्जीव खाद्यावर वाढवितां येतात. बुळकांडीचें कारण शोधतांना मात्र असा जंतु कोठेंच सांपडेना. अखेर १९०२ सालीं इस्तंबूल येथें निकोल व आदिल-बे ह्या दोघांनीं रोगाचा द्रव अति बारीक छिद्रांच्या गाळणींतून गाळून पाहिला. साधे जंतु त्या गाळणींतून पार होत नसत. तरीही गाळलेल्या द्रवानें निरोगी जनावरास रोग झालाच. अर्थात् रोगाचें बीज जंतूहूनही पुष्कळ सूक्ष्म होतें. अशा बीजास आपण विषाणु म्हणतों.

विषाणूची वाढ केवळ जिवंत पेशींतच होते. ह्या एका गोष्टींतून दोन अडचणी निघतात. पहिली अशी कीं, जंतूंवर चालणारीं पेनिसिलीनसारखीं औषधें विषाणूवर चालत नाहींत; म्हणून रोग झाल्यावर बरा करण्यापेक्षां तो होऊं न देणें हाच खरा मार्ग उरतो. दुसरी अशी कीं, लशीकरितां विषाणु वाढवावयाचा तर जिवंत जनावर, अंडें किंवा जिवंत पेशी पाहिजेत. आणि त्या जिवंत पदार्थाबरोबर एखाद्या निराळ्याच रोगाचें बीज लशींत शिरण्याची भीति राहते.

निसर्गानें एक सोय मात्र करून ठेविली होती. जें जनावर बुळकांडींतून वांचे त्यास तो रोग पुन्हा होत नसे. शरीर त्या विषाणूची ओळख ठेवतें, आणि त्यास निकामी करणारीं प्रतिद्रव्यें रक्तांत तयार करतें. रोगाचे हाल न होऊं देतां ही ओळख पटवून देणें, हेंच लशीचें काम होय.

पहिले प्रयत्न व त्यांतील उणिवा

गुरांच्या सांथींचा शास्त्रीय अभ्यास करण्याकरितां सरकारनें १८८९ सालीं पुणें येथें एक प्रयोगशाळा स्थापिली. डॉ. लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख. वस्तीच्या व गुरांच्या दाटींत बुळकांडीसारख्या सांसर्गिक रोगाचे प्रयोग करणें धोक्याचें असल्यानें १८९३ सालीं ती प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. आज इझतनगर येथें असलेल्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचा उगम ह्या पुण्याच्या लहानशा शाळेंत आहे.

इकडे दक्षिण आफ्रिकेंत गुरें पटापट मरूं लागलीं तेव्हां क्षयाचा जंतु शोधून काढणारे जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख ह्यांस तेथें बोलावण्यांत आलें. १८९७ च्या आरंभीं किंबर्ली येथें त्यांना आढळून आलें कीं, बुळकांडीनें मेलेल्या जनावराच्या पित्ताशयांतील पित्त निरोगी गुराच्या कातडीखालीं टोचलें असतां त्यास पुढें रोग होत नाहीं. उपाय गुणकारी होता, पण प्रत्येक जनावराचें पित्त सारखें नसे. कांहींचें निरुपयोगी ठरे, तर कांहींच्या पित्तांतून रोगच जाई. शिवाय पित्त मिळवावयाचें तर आधीं आजारी जनावर पाहिजे. विहीर खणावयास पाणी पाहिजे, तशांतला हा प्रकार होता.

त्याच वर्षीं कोले व टर्नर ह्यांनीं दुसरी रीति काढली. रोगांतून उठलेल्या जनावराचें रक्त गोठूं दिलें म्हणजे वर जो पिंवळसर पातळ रस राहतो त्यास सीरम म्हणतात. त्यांत प्रतिद्रव्यें असतात. जनावराच्या एका बाजूस हें सीरम व दुसऱ्या बाजूस रोगाचें जिवंत रक्त एकाच वेळीं टोचावयाचें, अशी ती रीति होती. रक्तामुळें रोगाचा आरंभ होई व सीरम त्यास आंवर घाली. जनावर थोडें आजारी पडून कायमचें सुरक्षित होई. परंतु सीरमचें माप कमी पडल्यास जनावर दगावे, अधिक झाल्यास टोचणें व्यर्थ जाई, आणि रक्ताबरोबर गोचीडतापाचे जंतूही निरोगी गुरांत जात. बुळकांडी टळली पण गोचीडताप आला, अशी स्थिति होई.

ह्यावर तोड मुक्तेश्वर येथें निघाली. जे. टी. एडवर्ड्स ह्या पशुवैद्यानें १९२० नंतरच्या दशकांत बुळकांडीचा विषाणु एका शेळींतून दुसऱ्या शेळींत व दुसरींतून तिसरींत असा पुनःपुन्हा टोचून चालता ठेविला. गुरांच्या गोचीडतापाचे जंतु शेळींत तग धरीत नसल्यामुळें ती अडचण दूर झाली. पण त्याहून मोठा लाभ पुढें दिसून आला. शेंकडों शेळ्यांतून गेलेला विषाणु शेळीच्या अंगवळणीं पडला, आणि गुरांना रोग देण्याचा त्याचा जोर मंदावला. ओळख पटविण्याचा गुण मात्र कायम राहिला. आतां सीरमची गरज उरली नाहीं. शेळीच्या प्लीहेपासून केलेली ही लस भारतांत पुढें कित्येक वर्षें चालली.

तरीही ही लस सर्वांस सारखी मानवली नाहीं. मैदानी प्रदेशांतील आपल्या देशी गुरांस तिच्यामुळें थोडासा ताप येऊन जाई. परंतु डोंगरी गुरें, परदेशी व संकरित गाई आणि कांहीं म्हशी ह्यांना तीच लस जड जाई, व क्वचित् प्राणावरही बेते. एका जातीच्या गुरावर निर्धोक ठरलेली लस दुसऱ्या जातीवर निर्धोक असेलच असें नाहीं, हा धडा येथें मिळाला. काळ्या जमिनींत उत्तम येणारें बीं माळरानावर तसेंच येईल असें जाणता शेतकरी धरीत नाहीं; तशीच ही गोष्ट आहे.

प्लौराइट ह्यांची लस

शेवटची मोठी पायरी केनियांतील मुगुगा येथें चढली गेली. वॉल्टर प्लौराइट व त्यांचे सहकारी फेरिस ह्यांनीं जिवंत जनावराऐवजीं वासराच्या मूत्रपिंडांतील पेशी कांचेच्या पात्रांत वाढविल्या, आणि त्यांवर बुळकांडीच्या विषाणूची पैदास केली. एका पात्रांतील विषाणु दुसऱ्यांत, दुसऱ्यांतील तिसऱ्यांत, अशा सुमारें ९० फेऱ्या झाल्यावर तो इतका सौम्य झाला कीं, गुरांस त्यापासून दृश्य असा कोणताही त्रास होईना. १९६० च्या सुमारास ही लस सिद्ध झाली. देशी, परदेशी, संकरित, वासरें, गाभण गाई अशा सर्व प्रकारच्या गुरांना ती मानवली. ह्या कार्याबद्दल प्लौराइट ह्यांस १९९९ सालीं जागतिक अन्न पारितोषिक देण्यांत आलें.

लशीची चतुर्विध परीक्षा

लस सौम्य झाली असें तिच्या कर्त्यानें म्हणून चालत नाहीं. तें सिद्ध करावें लागतें. त्याकरितां चार प्रश्न विचारले जातात.

पहिला प्रश्न शुद्धतेचा. लशींत ज्या विषाणूचें नांव सांगितलें आहे तोच व तेवढाच आहे काय? लशीच्या प्रत्येक घाण्यांतील कांहीं कुप्या फोडून त्यांत इतर जंतु, बुरशी अथवा दुसरे विषाणु नाहींत ह्याची खात्री केली जाते. गोचीडतापाचा जुना अनुभव ह्या परीक्षेच्या मुळाशीं आहे.

दुसरा प्रश्न निर्धोकतेचा. निरोगी जनावरांस ठरलेल्या मापाहून पुष्कळ अधिक लस टोचून ताप, ढाळ किंवा गर्भपात होतो काय, हें पाहतात. लशींतील विषाणु जिवंत असेल तर आणखी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. टोचलेल्या जनावराशेजारीं न टोचलेलीं जनावरें बांधून तो विषाणु एकापासून दुसऱ्यास लागतो काय, हें पाहावें लागतें. आणि जनावरांतून जनावरांत गेल्यावर त्याचा जुना जोर परत येतो काय, हेंही पाहावें लागतें. प्लौराइट ह्यांच्या लशींतील विषाणु शेजारच्या जनावरांत पसरला नाहीं, हा तिचा मोठा गुण होय.

तिसरा प्रश्न गुणाचा. कांहीं जनावरें लस टोचून व कांहीं न टोचतां ठेवतात, आणि ठराविक दिवसांनंतर दोन्हींस रोगाचा जहाल विषाणु देतात. टोचलेलीं जनावरें निरोगी राहिलीं एवढ्यानें कांहींच सिद्ध होत नाहीं. कारण दिलेला विषाणूच निर्जीव असूं शकेल. न टोचलेलीं आजारी पडलीं व टोचलेलीं उभीं राहिलीं, तरच लशीचा गुण सिद्ध होतो. शेतकरी बंधूंस ही रीति परकी नाहीं. ज्वारीची नवी जात पाहतांना त्याच शेतांत, त्याच दिवशीं, शेजारच्या पट्ट्यांत आपण जुनी जात पेरतों. जुन्या जातीचा पट्टा नसेल तर आलेलें पीक बियाण्याचें कीं पावसाचें, हें कोण सांगणार? न टोचलेलें जनावर म्हणजे तो जुन्या जातीचा पट्टा होय.

प्रत्येक वेळीं जनावरांस जहाल रोग देणें क्रूर व खर्चाचें आहे. म्हणून पुढें रक्ताची परीक्षा आली. टोचलेल्या जनावराचें सीरम घेऊन तें विषाणूंत मिसळावयाचें व तें मिश्रण पात्रांतील पेशींवर घालावयाचें. पेशी नष्ट झाल्या तर सीरममध्यें प्रतिद्रव्यें नाहींत. पेशी शाबूत राहिल्या तर तीं आहेत. जनावरास दुखापत न होतां उत्तर मिळतें.

चौथा प्रश्न टिकाऊपणाचा. आणि त्याचे दोन अर्थ आहेत. एक, जनावराच्या अंगांतील संरक्षण किती काळ टिकतें? बुळकांडीच्या नव्या लशीचें संरक्षण बहुतेक जन्मभर टिके. दुसरा, कुपींतील लस किती काळ टिकते? येथें प्लौराइट ह्यांची लस उणी पडे. ती थंडाव्यांत ठेवावी लागे, आणि जेथें बर्फ नाहीं व रस्ताही नाहीं अशा आफ्रिकेच्या मुलुखांतच रोगाचे शेवटचे अड्डे उरले होते. जेफ्री मॅरिनर ह्यांनीं तीच लस उष्णता सोसेल अशा रीतीनें सुकवून सिद्ध केली. ती शीतपेटीशिवायही सुमारें एक महिना वापरतां येई. मग १९९० नंतरच्या दशकांत गुराखी समाजांतीलच माणसें शिकवून तयार करण्यांत आलीं, आणि तीं पायीं चालत ती लस दूरदूरच्या कळपांपर्यंत घेऊन गेलीं.

गांवांतील हिशेब

प्रयोगशाळेंतील परीक्षा उतरली तरी खरी परीक्षा गांवांत होते. आणि तेथें हिशेब चुकण्याचा संभव फार. एक कल्पित उदाहरण घेऊं. समजा, एका गांवीं १,००० जनावरें आहेत. त्यांतील ९०० जनावरांस लस टोचली व १०० राहून गेलीं. पुढें रोग आला. टोचलेल्यांपैकीं २७ व न टोचलेल्यांपैकीं २० जनावरें आजारी पडलीं. चावडीवर बातमी अशी पसरेल कीं, ‘टोचलेलीं सत्तावीस पडलीं, न टोचलेलीं वीसच, तेव्हां न टोचलेलें बरें.’

परंतु हिशेब असा करावयाचा नसतो. ९०० पैकीं २७ म्हणजे शेंकडा ३. १०० पैकीं २० म्हणजे शेंकडा २०. लस नसती तर ह्याच प्रमाणानें ९०० जनावरांतील १८० आजारी पडलीं असतीं. तीं प्रत्यक्षांत २७ च पडलीं. १५३ जनावरें वांचलीं, म्हणजे लशीनें शेंकडा ८५ संरक्षण दिलें. आजारी पडलेलीं सत्तावीस जनावरें सर्वांस दिसतात. वांचलेलीं दीडशेंहून अधिक जनावरें कोणासच दिसत नाहींत, कारण तीं नेहमींप्रमाणें कडबा खात उभीं असतात. लशीविषयींचे पुष्कळसे गैरसमज ह्या न दिसणाऱ्या जनावरांमुळें होतात.

ह्याशिवाय आणखी तीन कारणांनीं निर्दोष लशीसही दोष लागतो. गांवांत रोग आल्यावर घाईनें टोचलें तर कांहीं जनावरांच्या अंगांत रोग आधींच शिरलेला असतो. तीं दोनचार दिवसांत पडतात, आणि लोक म्हणतात कीं टोचल्यानेंच पडलीं. दुसरें, लशीचा गुण त्याच दिवशीं येत नाहीं. शरीरास प्रतिद्रव्यें तयार करण्यास दोनतीन आठवडे लागतात. तिसरें, वासरास आईच्या चिकांतून मिळालेलीं प्रतिद्रव्यें कांहीं महिने त्याच्या अंगांत राहतात. तीं लशींतील विषाणूसही निकामी करतात, आणि कोंवळ्या वयांत टोचलेलें वासरूं पुढें उघडें पडतें. म्हणून बुळकांडीच्या मोहिमेंत दरवर्षीं वासरांकडे पुन्हा वळावें लागे.

एकाच गोठ्यावरून निकाल कां देऊं नये, हें आतां ध्यानांत येईल. दोन जनावरें टोचलीं व दोन्ही वांचलीं, ह्यावरून लस उत्तम ठरत नाहीं. एक टोचलें व तें मेलें, ह्यावरून ती वाईटही ठरत नाहीं. ज्या रोगांत न टोचलेलीं बहुतेक सर्वच जनावरें पडतात, तेथें थोड्या जनावरांवरून निर्णय होतो. जेथें शंभरांत पांचदहाच पडतात, तेथें निर्णयाकरितां शेंकडों, प्रसंगीं हजारों जनावरांची नोंद लागते.

टोचलेल्यांची संख्या व सुरक्षितांची संख्या

लस चांगली असूनही मोहीम फसूं शकते, हें बुळकांडीनें दोनदां शिकविलें. आफ्रिकेंत १९६२ ते १९७६ पर्यंत अनेक देशांनीं मिळून गुरें टोचण्याची मोठी मोहीम चालविली. रोग जवळजवळ दिसेनासा झाला, तसा उत्साह ओसरला आणि देखरेख सैल पडली. पण दोन कोपऱ्यांत रोग दबून राहिला होता. १९८० नंतर तो पुन्हा उसळला व असंख्य गुरांचा बळी घेऊन गेला. शेतांतील हरळी वरवर खुरपली आणि कांडीं जमिनींत राहिलीं, तर पहिल्या पावसांत काय होतें हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

भारतांतही १९५४ सालीं देशव्यापी मोहीम सुरू झाली. रोगाचें प्रमाण पुष्कळ उतरलें. पण कित्येक वर्षें तो पूर्णपणें जाईना. किती मात्रा खपल्या ह्याचे आंकडे मोठे होते. परंतु त्यांतील किती मात्रा उन्हांत निर्जीव झाल्या, किती एकाच जनावरास दोनदां टोचल्या गेल्या, आणि किती कळप मुळींच राहून गेले, हें त्या आंकड्यांत दिसत नव्हतें. १९९२ पासून नव्यानें आंखलेल्या योजनेंत रीति बदलली. गांवोगांव रोगाचा शोध घेणें, कळपांतील जनावरांचें रक्त तपासून कितींत खरोखर प्रतिद्रव्यें आहेत हें पाहणें, आणि जेथें उणीव दिसेल तेथेंच पुन्हा जाणें, असें धोरण ठेविलें गेलें. तीन वर्षांत शेवटची लागण होऊन गेली.

ह्यानंतर जी परीक्षा झाली ती सर्वांत धाडसाची. लस टोचणें बंद करण्यांत आलें. कारण असें कीं, टोचल्यानें आलेलीं प्रतिद्रव्यें व रोगानें आलेलीं प्रतिद्रव्यें त्या काळच्या परीक्षेनें वेगळीं ओळखतां येत नसत. सर्व गुरें टोचलेलीं असतील तर रोग गेला कीं दडला, हें कळावें कसें? म्हणून लस थांबवून, नव्यानें जन्मलेल्या न टोचलेल्या जनावरांवर वर्षानुवर्षें पाळत ठेवण्यांत आली. रोग आला नाहीं, आणि त्यांच्या रक्तांत त्याची खूणही सांपडली नाहीं. २००४ सालीं भारत बुळकांडीच्या रोगापासून व २००६ सालीं तिच्या संसर्गापासूनही मुक्त असल्याचें मान्य झालें. न टोचलेलें जनावर उघड्या रानांत निरोगी फिरतें आहे, हाच लशीच्या यशाचा शेवटचा पुरावा ठरला.

आजच्या रोगांकरितां बोध

बुळकांडीचा विषाणु लशीच्या दृष्टीनें एकाच जातीचा होता. म्हणून एक लस सर्वत्र चालली. लाळखुरकूत रोगाचें तसें नाहीं. त्याच्या विषाणूच्या सात जाती आहेत, व एकीची लस दुसरीवर चालत नाहीं. आपल्याकडील लशींत ओ, ए व एशिया-१ ह्या तीन जातींचे निर्जीव केलेले विषाणु असतात. निर्जीव विषाणूची ओळख शरीर फार काळ ठेवीत नाहीं. म्हणून ही लस दर सहा महिन्यांनीं टोचावी लागते. ‘बुळकांडीची एकदां टोचली कीं झालें, मग हिची पुन्हां पुन्हां कां?’ ह्या प्रश्नाचें उत्तर रोगाच्या स्वभावांत आहे. त्यांत पशुवैद्याचा हलगर्जीपणा नाहीं.

लम्पीचा रोग भारतांत प्रथम २०१९ सालीं ओडिशांत आढळला. त्याचा विषाणु शेळ्यामेंढ्यांच्या देवीच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद असल्यामुळें आरंभीं शेळ्यांच्या देवीची लस गुरांस टोचण्यांत आली. गाईच्या देवीवरून मनुष्याच्या देवीची लस एडवर्ड जेन्नर ह्यांनीं १७९६ सालीं काढली, तिचेंच हें तत्त्व. खुद्द लम्पीच्या विषाणूपासून केलेली लस हिस्सार व इझतनगर येथील संस्थांनीं सिद्ध करून ती ऑगस्ट २०२२ मध्यें जाहीर केली. तीही वर सांगितलेल्या चार प्रश्नांतूनच पार व्हावयाची. त्यास दुसरी वाट नाहीं.

शेतकऱ्याकडे असलेलें काम

लशीच्या परीक्षेचा शेवटचा भाग गोठ्यांत होतो, आणि तो शेतकऱ्यावांचून पुरा होत नाहीं. त्याकरितां पुढील गोष्टी कराव्या.

१. रोग गांवाच्या शिवेवर येण्याची वाट न पाहतां, जनावरें निरोगी असतांनाच लस टोचून घ्यावी. तापलेलें किंवा फार अशक्त जनावर असेल तर तसें पशुवैद्यास आधीं सांगावें.

२. लस थंड पेटींतून आली आहे काय, हें पाहण्याचा शेतकऱ्यास अधिकार आहे. सामान्यतः ती २ ते ८ अंश सेल्सिअस उष्णतामानांत ठेवावी लागते. पाण्यांत कालवलेली लस उन्हांत ठेवूं नये, व उरलेली दुसऱ्या दिवसाकरितां राखूं नये.

३. टोचल्यानंतर तीन आठवडे जनावर सुरक्षित झालें असें समजूं नये. त्या अवधींत तें बाजारास नेऊं नये, व बाहेरचें जनावर दावणीस आणूं नये.

४. एका वहींत जनावराच्या कानांतील बिल्ल्याचा क्रमांक, टोचल्याची तारीख, लशीचें नांव व घाण्याचा क्रमांक लिहून ठेवावा. पुढें जनावर आजारी पडलें तर कितव्या दिवशीं पडलें, हेंही लिहावें. न टोचलेल्या जनावरांचीही अशीच नोंद ठेवावी; तुलना तिजवांचून होत नाहीं.

५. टोचलेलें जनावर दगावल्यास तें गुपचूप पुरूं नये. पशुवैद्यास ताबडतोब कळवावें. लशीचा दोष असेल तर तो त्यामुळेंच उघडकीस येईल. नसेल तर खरा रोग कोणता, हें समजेल.

शेवटची सूचना वासरांविषयीं. घरांतील मोठीं जनावरें टोचून झालीं म्हणजे काम झालें असें वाटतें. पण पुढील सांथ शिरते ती गेल्या वर्षीं जन्मलेल्या व टोचण्यांतून राहिलेल्या वासरांतूनच. वहींत त्यांचें पान वेगळें ठेवावें, आणि पशुवैद्य गांवीं येतील त्या दिवशीं तें पान प्रथम उघडावें.